दोमिंगाच्या खोलीची खिडकी

माझ्या सासूशी भांडून कुणी जिंकल्याचं आमच्या गावात कुणाला आठवत नाही. मी तर लग्न होऊन आल्याआल्याच नाद सोडला. फुंचीत मीठ किती घालायचं यावरून सुरू झालं होतं. मी म्हटलं, "माई, आमच्याकडे एवढंच घालतात." माई म्हणाल्या, "मग तुमच्याकडे जाऊन खा." संपला विषय. मक्याचं पीठ घोटता घोटता मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि मीठ त्यांच्या मापानं घातलं.

एपिफानिया इसेनिया हे त्यांचं पूर्ण नाव. ते फक्त चर्चमधले पाद्रीबाबा घेतात, तेही जपून. एकदा प्रवचनात ते म्हणाले की गरिबानं आहे त्यात समाधान मानावं. माई पहिल्या बाकावरून उठल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुमच्या मोटारीला नवे टायर कधी घातलेत?" अख्खं चर्च खोकायला लागलं. बाबांनी घाईघाईनं भजन सुरू केलं.

जन्मभर त्यांनी इस्त्री केली. विलेमस्टाड या आमच्या बेटाच्या राजधानीतल्या हॉटेलांच्या चादरी, गोऱ्या बायकांचे झगे, बँकेतल्या साहेबांचे सदरे. नवरा तेलाच्या कारखान्यात होता, तो लवकर गेला. पदरात चार पोरं. सगळ्यांत धाकटा एडसेल, माझा नवरा, सुतारकाम करतो आणि आईसमोर मांजर होतो. इस्त्री दाबून दाबून माईंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय. त्या खांद्याचं कुणी नाव काढलं तर म्हणतात, "खांदा वाकला ना? मान बघ माझी."

अशी ही बाई वर्षातून एक दिवस गप्प असायची. सकाळी पांढरा झगा घालायची, निवडुंगाच्या कुंपणाच्या कडेकडेनं टेकडी चढायची आणि स्टिलरुस्टच्या फाटकाशी उभी राहून परत यायची. स्टिलरुस्ट म्हणजे टेकडीवरचं मोठं घर, शोनचं घर. मालकाला आम्ही शोन म्हणतो. स्टिलरुस्टचा डच भाषेतला अर्थ निवांत विश्रांती. विश्रांती कुणाची आणि कुणाच्या जिवावर, ते आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

शोनचं कुटुंब हॉलंडला निघून गेलं तेव्हा त्यांनी दारंखिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या आणि आवारात कुत्री सोडली. वर्षानुवर्षं घर तसंच पडून होतं. मग एका संस्थेनं ते विकत घेतलं, भिंतींना पिवळा रंग दिला, कौलं बदलली आणि संग्रहालय केलं. रस्त्यावर पाटी लागली. जहाजातून उतरलेले पर्यटक बसनं येऊ लागले. एक दिवस माई इस्त्रीवरून नजर न उचलता मला म्हणाल्या, "रुथमिला, रविवारी चल माझ्याबरोबर. तिकीट काढून आत जायचंय."

"कशाला माई? त्यांच्या खुर्च्या बघायला?"

"खुर्च्या मी धुतल्यात गं लहानपणी. चल म्हणते तर चल."

गेलो. आम्हांला घर दाखवायला आली ती आमच्याच गावातली शुदेस्का. जुन्या काळच्या मोलकरणीसारखं डोक्याला फडकं बांधलेलं, पायघोळ झगा. ओळखीच्या पोरीला तसल्या वेषात बघून मला कसंसंच झालं. ती पाठ केल्यासारखं सांगत होती. हे महोगनीचे पलंग, ही चिनी मातीची भांडी, हा शोनचा हुक्का. बरोबरचे गोरे पर्यटक माना डोलवत होते. माई कशाकडेच बघत नव्हत्या. त्या सरळ मागच्या स्वयंपाकघरातून पुढे गेल्या आणि एका अरुंद दारापाशी थांबल्या. दारावर पाटी होती: सामानाची खोली.

शुदेस्का मागून आली. "इथे कापडाचे तागे, मेणबत्त्या, सुकवलेलं मांस ठेवत असत. आणि ही खिडकी बघा. झडपांवर आडवी फळी आहे ना, तिचे खिळे मूळचे आहेत, लोहारानं हातानं घडवलेले."

माईंनी विचारलं, "कशाला ठोकले?"

"चोरांच्या भीतीनं असतील."

"चोर? या खोलीत चोरायला होतं काय? एक गोणपाट आणि एक पोरगी."

शुदेस्काचं पाठांतर तिथेच अडलं. पर्यटकही थांबले. माईंनी पाटीवर बोट ठेवलं. "सामान म्हणे! माझी बहीण झोपायची इथे. दोमिंगा. ती सामान होती का गं?"

माईंची थोरली बहीण वर शोनच्या घरी कामाला होती आणि तरुणपणीच गेली, एवढं मला माहीत होतं. पुढचं मी त्या खोलीत ऐकलं, सगळ्यांदेखत. माई ते सांगताना रडल्या नाहीत. त्या चिडल्या होत्या, आणि ती चीड सत्तर वर्षांची होती.

दोमिंगाला सोळावं लागलं होतं. दिवसभर या घरात राबायची आणि रात्री इथेच पडायची. शनिवारी खाली गावात तांबूच्या नाचाचा ढोल वाजायला लागला की हिला राहवायचं नाही. खिडकीतून उडी मारायची, टेकडी उतरायची, मनसोक्त नाचायची आणि पहाटेच्या आत परत यायची. "काय नाचायची!" माई म्हणाल्या. "बायका ढोल सोडून तिच्याकडे बघत बसायच्या." हे शोनच्या बायकोला कळलं. तिनं खिडकीवर फळी ठोकून घेतली. त्याच उन्हाळ्यात दोमिंगाला ताप आला. खोलीत वारा नाही, उजेड नाही. घरात पाहुणे जमले होते, मेजवानी होती. डॉक्टर बोलवायचीही गरज नव्हती, तो पाहुण्यांतच जेवायला बसला होता. त्याला इथपर्यंत कुणी उठवून आणलं नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं गाढवाच्या गाडीतून दोमिंगा खाली आली, अंगावर गोणपाट घातलेलं.

आमच्यात माणूस गेलं की आठ दिवस प्रार्थना होते. पांढरं कापड अंथरून वेदी मांडतात, शेजारपाजार जमतं. आठव्या दिवशी ज्या खोलीत माणूस गेलं तिची दारंखिडक्या लावून घेऊन शेवटची प्रार्थना म्हणतात, वेदी उचलतात आणि खिडकी सताड उघडतात. मग जीव जातो. खिडकी उघडली नाही तर तो घरातच घुटमळत राहतो. माईंची आई शोनच्या बायकोकडे गेली, हात जोडले, म्हणाली, फळी तेवढी काढा, घटकाभरच. ती बाई हसली. म्हणाली, "तुमची भुतं तुमच्या घरी न्या." आईनं मग खाली आपल्याच घरात आठ दिवस केले आणि आपल्याच घराच्या खिडक्या उघडल्या. मुलगी उतरून येईल अशी स्वतःची समजूत घातली. पण मरताना ती एवढंच बोलली, "दोमिंगा अजून वरच आहे."

माईंनी हे सांगितलं आणि शुदेस्काकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या साहेबाला सांग, मला भेटायचंय."

साहेब म्हणजे रुलोफ्स. हॉलंडचा माणूस, उन्हानं लाल झालेला, वागायला सभ्य. आम्हांला गार हवेच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, मला फार वाईट वाटतं. पण ते लाकूड जुनं आहे, फळी काढली तर झडप फुटेल. हे घर आता कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांचं ना?" माई म्हणाल्या. "मग माझ्या वाट्याची एक खिडकी उघडा."

तो उठला. समितीला विचारतो म्हणाला. समितीनं महिनाभर विचार केला आणि फोनवर नाही म्हणून कळवलं. वर म्हणे, फाटकाशी पुष्पचक्र ठेवायला आमची हरकत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. फाटक! फाटकाशी ही बाई आयुष्यभर उभी होती, त्यासाठी ह्यांची परवानगी हवी होती काय?

माई मात्र शांत होत्या आणि त्यानंच मी जास्त घाबरले. त्याच महिन्यात डॉक्टरनं त्यांचं हृदय तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, आता जपा. मी तोंड आवळून घरी आले, पण ह्या बाईपासून काय लपतंय! रात्रीचं जेवताना म्हणाल्या, "किती राहिलेत ते सांगू नकोस. एक ऐक. मी मेले की तुम्ही माझ्या खोलीची खिडकी उघडाल. मी सरळ आईकडे जाईन. ती विचारेल, थोरली कुठाय? काय सांगू? मी आले, ती अजून शोनच्या घरात आहे?"

एडसेलनं ताट बाजूला सारलं.

"आठ दिवस मांडायचे," माई म्हणाल्या. "आणि आठवा दिवस वर. खोलीत."

गावात चर्चेला ऊत आला. इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे आठ दिवस आता करतात का? एक म्हणाली, चालतं. दुसरी म्हणाली, मेलेल्यांना उगाच उठवू नये. शेवटी सगळे ओमो सिलोकडे गेले. ओमो म्हणजे काका. गावातल्या प्रार्थना तेच म्हणतात. पंचाऐंशीचे आहेत, कानानं जरा कमी, आवाज अजून खणखणीत. ते म्हणाले, "देवाच्या घरी उशीर झाला म्हणून कुणी दार लावून घेत नाही. माझ्यासाठी रम आणा, बाकी मी बघतो."

माईंनी वेदीचं कापड स्वतः इस्त्री केलं. मला हात लावू दिला नाही. दोमिंगाचा फोटो कधी काढलाच नव्हता, म्हणून कापडावर नुसता क्रूस आणि पाण्याचा पेला ठेवला. रोज संध्याकाळी माणसं यायची. आत प्रार्थना, अंगणात डोमिनोच्या सोंगट्यांची आपटाआपटी, कॉफी, बिस्किटं. तांबूच्या दिवसांतली एक म्हातारी दोमिंगा कशी नाचायची ते दाखवायला उठली, आणि तिचा गुडघा धरला. आम्ही पोट धरधरून हसलो. माईही हसल्या.

आठव्या दिवशी सकाळी एडसेलनं माझ्याशी कडाक्याचं भांडण केलं. "तू तरी डोकं ठेव ठिकाणावर! माईला या वयात पोलीस चौकीत बसवणार?"

"मग तू सांग ना तुझ्या आईला."

"मी? माझं ऐकेल ती?"

"मग माझ्यावर कशाला ओरडतोस? जा तुझ्या करवतीवर ओरड."

तो दार आपटून कामाला गेला. मी प्रार्थनेच्या पुस्तकांची पिशवी उचलली तर ती जड लागली. आत बघते तर पुस्तकांच्या खाली फडक्यात गुंडाळलेली त्याची लहान पहार, खिळे उपटायची. मी फडकं परत गुंडाळलं. पिशवी खांद्याला लावली.

दुपारी आम्ही वर गेलो. माई, ओमो सिलो, मी आणि गावातल्या सहा-सात बायका, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. प्रत्येकीनं आपले गिल्डर मोजून तिकीट काढलं, कारण माईंनी बजावलं होतं की तिकीट काढलेल्याला कुणी हाकलत नाही. तिकिटाच्या खिडकीवर शुदेस्का होती. तिनं आमच्याकडे आणि माईंच्या हातातल्या मेणबत्तीकडे बघितलं.

"सगळ्याजणी पांढऱ्यात?"

"उकडतंय गं," माई म्हणाल्या.

"आत मेणबत्ती चालत नाही, माई."

"बॅटरीवरची आहे. चिन्याच्या दुकानातली."

शुदेस्का आमच्याच गावची पोरगी. पांढरे कपडे, ओमो सिलो आणि आठवा दिवस, तिला काय कळायचं राहिलंय? तिनं तिकिटं फाडून दिली आणि म्हणाली, "मी आता डबा खायला जाते. माझं जेवण फार सावकाश असतं."

खोलीत आम्ही कसेबसे मावलो. माईंनी कापड जमिनीवर अंथरलं, क्रूस ठेवला, पेल्यात पाणी ओतलं. दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून त्या स्वतः उभ्या राहिल्या. ओमो सिलोंनी प्रार्थना सुरू केली. मेणबत्तीचा ठिपका सोडला तर आत मिट्ट अंधार, कुबट वास, आणि त्यात एवढ्या माणसांच्या श्वासांनी खोली तापली. आम्ही दहा मिनिटांत घामानं निथळलो. माझ्या मनात आलं, ह्या भट्टीत ती पोरगी तापानं पडली होती, आणि भिंतीपलीकडे काटेचमचे वाजत होते.  मग मी रागानंच मोठ्यानं म्हणायला लागले.

ओमो सिलोंचा आवाज घरभर गेला असणार, कारण थोड्या वेळानं दारावर थापा पडल्या. रुलोफ्स.

"बाई! दार उघडा! काय चाललंय आत?"

"प्रार्थना," माई म्हणाल्या.

"प्रार्थनेला ना नाही, पण दार बंद करायला परवानगी नाही. उघडा, नाहीतर मला पोलीस बोलवावे लागतील!"

"बोलवा की. डॉक्टरला बोलवायची अशी घाई कुणी केली असती तर मला आज यावं लागलं नसतं."

 ओमो सिलो शेवटच्या ओळीला आले. माईंनी मान हलवली. मी पहार काढली.

सुताराची बायको असले तरी मी आयुष्यात खिळा उपटलेला नव्हता. पहिला खिळा हलेचना. मी पहार फळीखाली घातली आणि सगळा भार टाकला, पाठीमागून दोघींनी मला धरलं. लाकूड किंचाळलं. बाहेरून रुलोफ्स ओरडला, "फळी! अहो, फळी मूळची आहे!" आतून गावातली एक म्हातारी ओरडली, "पोरगीपण मूळचीच होती!" खिळा सुटला. मग दुसरा, मग तिसरा, डोकं तुटून. हाताची सालटी निघाली. फळी खाली पडली, तरी झडपा उघडेनात. रंगांचे थर चढून त्या चिकटल्या होत्या. मी बाजूला झाले, म्हटलं, हे माझं काम नाही.

माई दार सोडून पुढे आल्या. तो वाकलेला उजवा खांदा त्यांनी झडपेला लावला आणि ढकललं. एकदा. परत एकदा. तिसऱ्यांदा झडपा धाडकन उघडल्या आणि समुद्राकडचा वारा सगळा एकदम आत घुसला. वेदीचं कापड उडालं, पेला लवंडला, बायकांचे झगे फडफडले. मी डोळे मिटून घेतले, इतका उजेड होता.

डोळे उघडले तर माई खिडकीत उभ्या होत्या आणि खाली बघत होत्या. तिथून आमचं गाव दिसत होतं. आणि गावाच्या कडेला त्यांच्या आईचं घर, आता छप्पर नसलेलं, पण भिंती उभ्या. अगदी समोर.

"तिला घर दिसत होतं," माई म्हणाल्या. "म्हणून ठोकली ही खिडकी. नाचायला जाते म्हणून नाही. हिला घर दिसतंय, म्हणून."

मग त्या वाऱ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "जा गं. आई वाट बघतेय. जा, जा, आता मागे बघू नकोस." आणि तेव्हा रडल्या. आम्ही सगळ्याच रडलो, लाजायचं काय त्यात.

ओमो सिलोंनी वेदी उचलली. "झालं," ते म्हणाले. "आजचा दिवस कुणी तिचं नाव घेऊ नका. वाटेतल्या माणसाला नावानं हाक मारली की ते वळून येतं."

दार आता मोकळंच होतं. रुलोफ्स आत आला. त्याच्या मागे शुदेस्का, हातात डबा, डोक्यावरचं फडकं सोडलेलं. त्यानं खाली पडलेली फळी बघितली, तुटका खिळा उचलला. माझ्याकडे बघितलं, मी पहार लपवली नाही. तो काहीतरी कडक बोलणार होता, तसं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग तो खिडकीपाशी गेला. त्यानं वाकून खाली गावाकडे, त्या छप्पर नसलेल्या घराकडे बघितलं. त्याला कुणी काही समजावलं नाही. वाऱ्यानं त्याचे केस विस्कटले होते. परत वळला तेव्हा त्यानं दारावरची सामानाच्या खोलीची पाटी काढली, खिशातून पेन काढलं आणि पाटी उलटी धरली.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "मी इथे नवी पाटी लावीन. मला तिचं नाव सांगा."

शुदेस्का घाबरून माईंकडे बघायला लागली. माईंनी झग्याच्या बाहीनं तोंड पुसलं, मान ताठ केली.

"उद्या माझ्या घरी या," त्या म्हणाल्या. "टेकडी उतरून, माझ्या दारात. तिथे सांगते. आज तिचं नाव मिळणार नाही. या घरानं तिला उजाडल्यापासून मध्यरात्रीपर्यंत हाका मारल्यात. आज हाक ऐकून तिला परत यायचं नाही."